पाठ सरळ होईल, पण सरळ राहील का?

धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे निघाले, की सोनगीर मागे पडल्यावर नरडाणा लागते. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन असलेले हे शिंदखेडा तालुक्यातले गाव. तेथे विज्ञान शिक्षकांच्या एका छोट्या मेळाव्याला जाण्याचा योग मागे एकदा आला होता. विषय होता 'गुरुत्वमध्य आणि समतोल'. जवळच एका घराचे बांधकाम चालले होते. तेथल्या गवंड्याकडून घटकाभर मागून आणलेला ओळंबा हेच आमचे मुख्य साधन होते.

कार्यक्रम संपल्यावर एक शिक्षक मागे रेंगाळले. म्हणाले, "सर, एक विचारू का? आमची आई अडुसष्ट वर्षांची आहे. गेल्या चार-पाच वर्षांत पार वाकली. बाजारापर्यंत जायचं तर वाटेत तीनदा ओट्यांवर बसावं लागतं. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय. सळया घालून पाठ सरळ करतात म्हणे. सरळ होईल हे पटतं. पण ती सरळ राहील का, हे आधी सांगता येतं का?"

आम्ही वैद्यकीय व्यवसायातले नाही. पण प्रश्न आमच्याच त्या दिवसाच्या विषयातला होता, हे ऐकताक्षणी जाणवले. तेव्हा दिलेले उत्तर अपुरे होते. नंतर या विषयावरचे बरेच वाचले, जाणकारांना विचारले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत. यातले निम्मे गणित नववी-दहावीचे आहे, आणि उरलेले निम्मे अजून कोणालाच पुरते सुटलेले नाही.

कण्याचे बाक

आपल्या कण्यात ३३ मणके असतात: मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५, त्रिकास्थीचे एकमेकांना जुळून गेलेले ५ आणि माकडहाडाचे ४. यांपैकी वरचे २४ सुटे असतात. दोन मणक्यांच्या मध्ये चिवट चकती असते आणि मागच्या बाजूला लहान सांधे असतात.

समोरून पाहिले तर निरोगी कणा सरळ दिसतो. बाजूने पाहिले तर तो मुळीच सरळ नसतो. मानेत तो पुढच्या बाजूला फुगलेला, छातीत मागच्या बाजूला आणि कमरेत पुन्हा पुढच्या बाजूला फुगलेला असतो. नवजात बाळाच्या कण्याला मागच्या बाजूचा एकच बाक असतो. बाळ मान धरू लागते तसा मानेचा बाक येतो. उभे राहून चालू लागते तसा कमरेचा. म्हणजे कमरेचा बाक ही दोन पायांवर उभे राहण्यासाठी शरीराने केलेली सोय आहे.

वय वाढते तशा चकत्या झिजतात, बसतात. हाडे ठिसूळ झाली असतील तर मणके पुढच्या बाजूने चेपतात. कधी कणा कुशीलाही वळतो. परिणामी कमरेचा बाक सपाट होत जातो आणि धड पुढे कलते. प्रौढ वयातल्या या विकृतींत कोणती गोष्ट अधिक त्रास देते? अमेरिकेतील स्टीव्हन ग्लासमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अनेक रुग्णांची मोजमापे तपासली. त्यांना असे दिसले की, धड जितके पुढे कललेले तितके दुखणे आणि परावलंबन अधिक. कुशीला गेलेल्या वळणापेक्षा पुढे कलणे अधिक महाग पडते.

ओळंबा कोठे पडतो?

मान खाली घातली की मानेच्या पायथ्याशी एक हाड ठळकपणे हाताला लागते. तो बहुधा मानेचा सातवा मणका असतो. बाजूने काढलेल्या क्ष-किरण चित्रावर या मणक्याच्या मध्यातून एक ओळंबा सोडला आहे असे समजा. तो त्रिकास्थीच्या वरच्या पृष्ठभागाच्या मागच्या कोपऱ्याजवळ पडला, तर धड समतोल आहे. तो जितके सेंटिमीटर पुढे पडेल तितके धड पुढे कललेले. प्रौढांत हे अंतर ४-५ सेंटिमीटरपेक्षा अधिक झाले, की डॉक्टर त्याची दखल घेतात.

फ्रेंच अस्थिशल्यविशारद ज्यां द्युबूसे यांनी एक सोपी कल्पना मांडली. उभ्या माणसाच्या पावलांपाशी टोक असलेला एक उलटा शंकू कल्पा. डोके या शंकूच्या आत डोलत असेल तर उभे राहायला स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. डोके कडेकडे जाऊ लागले, की कष्ट वाढतात. शंकूबाहेर गेले, की काठी लागते, भिंत लागते किंवा बसावे लागते. त्या आजींना वाटेत लागणारे तीन ओटे म्हणजे हेच.

शरीर मात्र सहजासहजी हार मानत नाही. धड पुढे कलले, की ते मागे खेचण्यासाठी शरीर एकामागून एक उपाय करते. छातीचा बाक कमी करते, श्रोणी मागे कलवते, गुडघे वाकवते आणि समोर दिसावे म्हणून मान वर उचलते. वाकलेली म्हातारी माणसे गुडघ्यांत वाकून, मान उंचावून का चालतात, याचे कारण येथे आहे. वर्गात विद्यार्थ्यांना कमरेतून थोडे पुढे वाकून, नजर समोर ठेवून दोन मिनिटे उभे राहायला सांगा. मान, पाठ आणि मांड्या कोठे भरून येतात, हे तेच सांगतील.

एक न बदलणारा कोन

कमरेवर दोन्ही हात ठेवून उभे राहा. बोटांखाली लागते ती श्रोणीची वरची कड. ही श्रोणी दोन खुब्यांवर पुढे-मागे झुलू शकते. कण्याचा पाया तीच असल्याने द्युबूसे यांनी तिला एक मणकाच मानावे असे सुचवले.

आता वहीत एक आकृती काढू. त्रिकास्थीचा वरचा पृष्ठभाग म्हणून एक तिरकी रेषा काढा. तिच्यावर कमरेचा पाचवा मणका बसतो. तिच्या मध्यबिंदूतून तीन रेषा खाली काढा. पहिली त्या पृष्ठभागाला लंब. दुसरी खुब्याच्या सांध्याच्या मध्यापर्यंत जाणारी. तिसरी ओळंब्याची, म्हणजे उभी.

पहिल्या आणि दुसऱ्या रेषेतल्या कोनाला आपण श्रोणीचा 'बांधणीचा कोन' म्हणू. डॉक्टर त्याला पेल्व्हिक इन्सिडन्स म्हणतात. फ्रान्समधील जिनेत द्युव्हाल-बोपेर यांनी १९९२ मध्ये त्याचे महत्त्व दाखवून दिले. दुसऱ्या आणि तिसऱ्या रेषेतला कोन म्हणजे श्रोणी किती मागे कलली आहे ते. त्याला 'कल' म्हणू. त्रिकास्थीचा पृष्ठभाग आडव्या रेषेशी जो कोन करतो तो 'उतार'. आता भूमितीतला एक नियम आठवा. दोन रेषांमधला कोन हा त्यांच्यावरच्या लंबांमधल्या कोनाएवढाच असतो. म्हणून उतार म्हणजेच पहिल्या आणि तिसऱ्या रेषेतला कोन. उभी रेषा या दोघींच्या मध्ये असते, म्हणून

बांधणीचा कोन = कल + उतार

या समीकरणाची गंमत अशी, की डावी बाजू हाडांच्या घडणीवर अवलंबून आहे. वाढ पूर्ण झाल्यावर ती त्या माणसापुरती जवळजवळ बदलत नाही. माणसामाणसांत मात्र ती सुमारे ३५ अंशांपासून ८५ अंशांपर्यंत असू शकते. उजव्या बाजूच्या दोन संख्या बसता-उठता बदलतात, पण एक वाढली की दुसरी तेवढीच कमी होते. समजा, एखाद्याचा बांधणीचा कोन ५५ अंश आहे. तरुणपणी त्याचा कल १५ आणि उतार ४० होता. कमरेचा बाक सपाट झाल्यावर धड सावरण्यासाठी त्याने श्रोणी मागे झुकवली. कल ३० झाला, म्हणजे उतार २५ झालाच पाहिजे.

दुसरी उपयोगी गोष्ट अशी, की उभ्याने आरामात राहण्यासाठी कमरेचा बाक साधारणपणे बांधणीच्या कोनाच्या जवळपास असावा लागतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एसआरएस-श्वाब' वर्गीकरणात तीन साधी उद्दिष्टे आहेत. या दोन्हींतला फरक १० अंशांच्या आत असावा, कल २० अंशांपेक्षा कमी असावा आणि ओळंबा ४ सेंटिमीटरपेक्षा पुढे पडू नये. प्रत्येकाची पाठ सारखीच सरळ करायची नसते. जिची तिची श्रोणी पाहून बाक ठरवायचा असतो, हा यातला मुद्दा.

सळईने शिकवलेला धडा

हे शहाणपण किंमत मोजून आले आहे. अमेरिकेत ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओ झालेल्या मुलांचे कुशीला वळलेले कणे सरळ करण्यासाठी धातूची सळई वापरायला सुरुवात केली. १९६२ मध्ये त्यांनी आपले काम प्रसिद्ध केले. सळईच्या दोन टोकांचे हुक मणक्यांत अडकवायचे आणि त्यांतले अंतर वाढवायचे, म्हणजे वाकडा कणा ताणून सरळ होतो. असंख्य मुलांना त्याचा फायदा झाला.

पण १९७० च्या दशकात वेगळेच रुग्ण दिसू लागले. सळई कमरेपर्यंत खाली नेलेल्या काहींना सरळ उभे राहता येईना. कारण सोपे होते. वक्र गोष्ट दोन्ही टोकांना ओढली, की तिचे सगळेच बाक सपाट होतात. नको असलेला कुशीचा बाक जातो, तसा हवा असलेला कमरेचाही जातो. समोरून काढलेल्या चित्रात कणा सुरेख सरळ, आणि बाजूने पाहिले तर माणूस पुढे झुकलेला! या अवस्थेला 'फ्लॅटबॅक' असे नाव पडले. कणा सरळ करणे आणि माणूस सरळ उभा करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा ध्यानात आले.

कागदावरचा हिशेब आणि शरीराचे उत्तर

आज मणक्यांत स्क्रू घालून ते आधीच बाक दिलेल्या सळयांना जोडतात. कणा ताठर झाला असेल तर हाड कापून कोन मिळवतात. मागचे सांधे काढले तर एका पातळीला सुमारे १० अंश मिळतात. एका मणक्यातून पाचरीच्या आकाराचा तुकडा काढून फट मिटवली तर सुमारे ३० अंश. मग किती कापायचे, हे आधी काढता येईल ना?

करून पाहू. हे आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत. एका बाईंचा बांधणीचा कोन ५५ अंश, कमरेचा बाक २०, श्रोणीचा कल ३०, आणि ओळंबा १२ सेंटिमीटर पुढे. कमरेच्या तिसऱ्या मणक्यातून ३० अंशांची पाचर काढायचे ठरले. तेथून मानेचा सातवा मणका सुमारे ४० सेंटिमीटर वर आहे. वरचे धड ३० अंशांनी मागे फिरले तर त्याचे टोक साधारण ४० × साइन ३०°, म्हणजे २० सेंटिमीटर मागे जाईल. बारा वजा वीस, उत्तर उणे आठ. म्हणजे बाई आठ सेंटिमीटर मागे कलणार! कागदावरचे चित्र कात्रीने कापून जोडले, तर नेमके असेच दिसते.

प्रत्यक्षात तसे होत नाही. बाईंनी श्रोणी मागे झुकवली होती ती नाइलाजाने. गरज संपताच ती सैल पडते आणि पुढे फिरते. समजा, कल ३० वरून २० झाला. खुब्यापासून सातवा मणका सुमारे ५५ सेंटिमीटर वर. ५५ × साइन १०° म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर पुढे. उणे आठमध्ये साडेनऊ मिळवले, की दीड सेंटिमीटर पुढे. शिवाय छातीचा जो भाग सळईने बांधलेला नाही, त्यानेही आपला बाक दाबून धरला होता. तोही आता सैल होऊन थोडा मागे फुगतो आणि मान आणखी दोन-तीन सेंटिमीटर पुढे येते. शेवटी ओळंबा चारच्या आसपास पडतो.

येथे सगळा प्रश्न नीट उघड होतो. शल्यविशारद कण्याचा काही भाग बदलतो. न बदललेला भाग त्याला उत्तर देतो. पहिल्या भागाचे कोन आपण ठरवतो, दुसऱ्याचे शरीर ठरवते. वरच्या उदाहरणात 'कल २० झाला' असे आम्ही सहज लिहिले. पण तो १५ होईल की २५? खुब्याचा सांधा झिजून आखडला असेल तर श्रोणी फिरणारच नाही. आणि एका अंशाचा फरक ओळंब्यावर जवळजवळ एक सेंटिमीटर होऊन दिसतो.

हे उत्तर आधी सांगण्यासाठी सूत्रे शोधली गेली. व्हर्जिनी लाफाज या जैवयांत्रिकीच्या संशोधक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असे एक सूत्र मांडले. श्रोणीची बांधणी, कमरेचा आणि छातीचा बाक आणि रुग्णाचे वय यांवरून शस्त्रक्रियेनंतरचा कल आणि ओळंब्याचे अंतर त्यात काढले जाते. नुसत्या कात्री-कागदापेक्षा ते वरचढ ठरते, कारण त्यात श्रोणी आणि वय यांना जागा आहे. पण ते अनेक रुग्णांच्या सरासरीतून निघालेले आहे. ते संभाव्य उत्तर देते, त्याभोवती चुकीची सीमा असतेच.

भारतातले एक सरळ समीकरण

कण्याबद्दलची भाकिते नेहमीच इतकी अवघड असतात असे नाही. आपल्याच देशातले एक सुंदर उदाहरण आहे. कण्याच्या क्षयरोगात मणके पोखरले जातात आणि कुबड येते. औषधांनी रोग बरा झाला तरी शेवटी कुबड किती राहील? एस. राजशेखरन आणि टी. के. षण्मुगसुंदरम यांनी १९८७ मध्ये, शस्त्रक्रिया न करता औषधांनी बरे केलेल्या रुग्णांवरून याचे उत्तर दिले. उपचाराच्या सुरुवातीला एकूण किती मणक्यांएवढे हाड नष्ट झाले ते मोजा आणि त्याला 'क्ष' म्हणा. शेवटचा कुबडाचा कोन 'य' अंशांत असा मिळतो:

य = ५.५ + ३०.५ क्ष

दीड मणक्याएवढे हाड गेले असेल तर ५.५ + ४५.७५, म्हणजे सुमारे ५१ अंश. ज्या सरळ रेषेच्या समीकरणाबद्दल "याचा उपयोग काय?" असे विद्यार्थी विचारतात, ते येथे एखाद्यावर वेळीच शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरवायला मदत करते.

हे समीकरण इतके साधे का? कारण येथे एकच गोष्ट प्रभावी आहे: किती हाड गेले. उरलेले मणके एकमेकांवर टेकेपर्यंत कणा खचतो आणि थांबतो. पण वाढत्या मुलांत हेच भाकीत डळमळते, कारण तेथे वाढ हा आणखी एक घटक येतो. राजशेखरन यांनी मुलांचा १५ वर्षे पाठपुरावा केला. रोग बरा झाल्यानंतरही काहींचे कुबड वाढत गेले, काहींचे आपोआप कमी झाले. धोका असलेली मुले आधी ओळखता यावीत म्हणून त्यांनी २००१ मध्ये क्ष-किरण चित्रातल्या चार खुणा सांगितल्या. मुख्यतः मागचे सांधे निखळले आहेत का आणि वरचा मणका सरकला किंवा कलंडला आहे का, हे त्यांवरून पाहिले जाते.

येथून आपल्या प्रश्नाकडे परत येऊ. प्रभावी घटक एक असेल तर समीकरण पुरते. प्रौढांच्या कण्यात घटक अनेक आहेत आणि ते एकमेकांना प्रतिसादही देतात. म्हणून तेथे एक सरळ रेषा पुरत नाही.

सळईच्या टोकाशी

'सरळ राहील का?' या प्रश्नाचा सर्वांत नाजूक भाग सळईच्या वरच्या टोकाशी आहे. हा प्रयोग वर्गात करता येतो. हातभर लांबीची रबरी नळी घ्या. तिच्या खालच्या अर्ध्या भागाला एक लाकडी पट्टी दोऱ्याने घट्ट बांधा. आता वरचे टोक पुढे वाकवा. नळी सगळीकडे सारखी वाकत नाही. पट्टी जेथे संपते त्याच्या लगेच वर ती सर्वांत अधिक वाकते. पट्टी काढून वाकवली तर तोच बाक सगळ्या लांबीवर वाटला जातो.

कण्यातही असेच होते. बांधलेल्या भागातली हालचाल थांबते आणि तिचा भार सळईच्या वरच्या पहिल्या मोकळ्या सांध्यावर येतो. तेथे पुन्हा बाक येऊ लागला तर त्याला 'प्रॉक्सिमल जंक्शनल कायफोसिस' म्हणतात. आपण 'टोकाचे पोक' म्हणू. २००५ पासून त्याची एक व्याख्या प्रचलित आहे: सळईचा सर्वांत वरचा मणका आणि त्याच्याही वरचा दुसरा मणका यांतला कोन १० अंश किंवा अधिक असावा आणि शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा निदान १० अंशांनी वाढलेला असावा. वेगवेगळ्या अभ्यासांत त्याचे प्रमाण शेकडा दहापासून चाळीसपर्यंत सांगितलेले आढळते. त्यांतल्या अनेकांना फारसा त्रास होत नाही; काहींना मात्र पुन्हा शस्त्रक्रिया लागते.

वय अधिक, हाडे ठिसूळ, सळई खाली थेट श्रोणीपर्यंत नेलेली, आणि दुरुस्ती फार मोठी, या सर्वांनी धोका वाढतो. यातला शेवटचा मुद्दा नवलाचा वाटेल. सत्तरीतल्या माणसाला पंचविशीतल्या माणसासारखे ताठ केले तर ते बिघडण्याची शक्यता अधिक! म्हणूनच २०१६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका गटाने वयानुसार बदलणारी उद्दिष्टे सुचवली. निरोगी वृद्धही तरुणांपेक्षा थोडे पुढे कललेलेच असतात. त्यांना तेवढे कलू द्यावे, असा त्याचा अर्थ.

यंत्र काय सांगते?

घटक अनेक असतील तर संगणकाची आठवण होणारच. गेल्या दशकात हजारो रुग्णांच्या नोंदींवरून संगणकाला शिकवण्याचे बरेच प्रयत्न झाले. वय, हाडांची घनता, कोन, सळईची लांबी असे अनेक घटक द्यायचे आणि गुंतागुंत होण्याची शक्यता काढायची. याच सुमारास, २०१७ मध्ये, चालार यिल्गोर आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी 'गॅप' नावाची गुणपद्धती मांडली. कण्याचे कोन त्या व्यक्तीच्या श्रोणीच्या प्रमाणात आहेत का, हे पाहून ० ते १३ गुण दिले जातात. गुण अधिक तर बिघाडाचा धोका अधिक. पहिल्या अभ्यासात तिने फार चांगले भाकीत केले. पुढे इतर ठिकाणच्या रुग्णांवर ती तपासली, तेव्हा काहींना तसाच अनुभव आला, काहींना आला नाही.

शिक्षकांना यात परिचित असे काही आहे. एका शाळेच्या मुलांवरून बनवलेली चाचणी दुसऱ्या शाळेत तशीच चालेल असे नाही. यातले बहुतेक आकडे अमेरिका आणि युरोपमधल्या रुग्णांचे आहेत. जपानी संशोधकांनी आपल्या लोकांची मोजमापे स्वतंत्रपणे घेतली ती याचसाठी. आपल्याकडेही अशी मोजमापे मोठ्या प्रमाणावर व्हायला हवीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'शंभरांत तीस' हे उत्तर गटाबद्दल असते. समोरच्या आजी त्या तिसांतल्या की सत्तरांतल्या, हे ते सांगत नाही. उद्या पावसाची शक्यता तीस टक्के म्हटल्यावर छत्री घ्यायची की नाही हे ज्याचे त्यानेच ठरवायचे. पण भाकीत निरुपयोगी नसते. ते छत्रीचा विचार करायला लावते. तीस टक्क्यांची वीस टक्के करता येतील का, हा पुढचा प्रश्न आणि त्याला उत्तरे आहेत. शस्त्रक्रियेआधी हाडे बळकट करणारे उपचार घेणे, दुरुस्ती वयाला साजेशी ठेवणे, सळई कोठे संपवायची ते विचारपूर्वक ठरवणे.

नरडाण्याच्या प्रश्नाचे उत्तर

एवढे वाचल्यावर त्या शिक्षकांना आम्ही सविस्तर लिहिले. पाठ सरळ राहील का, हे आधी काही प्रमाणात सांगता येते. बांधलेल्या भागाचे बऱ्यापैकी, न बांधलेल्या भागाचे अंदाजाने, आणि टोकाशी काय होईल याचे केवळ शक्यतेच्या भाषेत. जो डॉक्टर 'सांगता येत नाही' म्हणून गप्प बसेल तो कमी सांगतो, आणि जो 'शंभर टक्के' म्हणेल तो जास्त सांगतो. डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्नही लिहून पाठवले. डोक्यापासून खुब्यापर्यंतचे, उभ्याने काढलेले क्ष-किरण चित्र पाहिले का? झोपवून काढलेल्या चित्रात ओळंबा कळत नाही. हाडांची घनता मोजली का? किती अंश दुरुस्ती करणार आणि ती आईच्या वयाला धरून आहे का? सळई कोठून कोठपर्यंत? आणि अशा किती रुग्णांना तुमच्याकडे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली?

त्यांचे उत्तर आले ते बऱ्याच महिन्यांनी. पाचही प्रश्न त्यांनी विचारले होते आणि डॉक्टरांनी शांतपणे उत्तरे दिली होती. पण सहावा प्रश्न आईने आपणहून विचारला: "ऑपरेशननंतर मला खाली बसून भाकरी थापता येईल का?"

हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता, आणि वर दिलेल्या एकाही सूत्रात नाही. सळई श्रोणीपर्यंत नेली की कमरेतून वाकणे जवळजवळ थांबते. खुर्चीवर बसणाऱ्या समाजात ते फारसे जाणवत नसेल. पाटावर बसणारे, खाली बसून स्वयंपाक करणारे, उकिडवे बसून शौचाला जाणारे यांच्या दृष्टीने तो रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. डॉक्टरांनी खरे ते सांगितले: खाली बसून जमणार नाही, उभ्याने जमेल. आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, बाजारापर्यंत न बसता जाता येणार असेल तर उभ्याने थापीन.

आता आधी हाडांचे औषध चालू झाले आहे. शस्त्रक्रियेची तारीख त्यानंतर ठरेल. दरम्यान घरात स्वयंपाकाचा ओटा बांधून घेतला आहे, आईच्या उंचीचा; आजच्या वाकलेल्या उंचीचा नव्हे, पाठ सरळ झाल्यावर जी असेल तिच्या अंदाजाने. किती उंच ठेवायचा यावर घरात बरीच चर्चा झाली, असे त्यांनी लिहिले आहे. गवंड्याने शेवटी सुचवले, की दोन इंच कमीच ठेवू. वर लाकडी फळी टाकून उंची वाढवता येते, बांधलेला ओटा मात्र कमी करता येत नाही.

भाकितावर विसंबताना चुकीला जागा कशी ठेवावी, हे त्या गवंड्याला कोणी शिकवले नसेल. आम्हाला मात्र ते बरेच वाचल्यावर कळले.